राहिलेला सिंहांचा चौक

स्पेनमधल्या आमच्या कोर्दोबात मे महिन्यात घराघरातली अंगणं परक्यांना उघडी असतात. शेजारच्या फुएनसांताच्या अंगणात तर भिंतभर कुंड्या. आलेल्या प्रत्येकाला ती आधी खुर्ची देते, मग विचारते, "काय काय पाहिलंत?" लोक ग्रानादाच्या राजवाड्यातल्या दगडी सिंहांच्या चौकाबद्दल भरभरून बोलतात. जन्मभर हिनं ते ऐकलं, पण स्वतः कधी गेली नाही. कुंड्यांना पाणी कोण घालणार म्हणे!

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, हिवाळ्यापर्यंत हिची नजर जाणार. तेव्हा मीच म्हटलं, "ऊठ, तुझे ते सिंह बघून येऊ. कुंड्या माझी सून बघेल."

"तुझी सून? मुळं कुजवेल ती!"

"कुजू देत! तू चल."

एप्रिलच्या शेवटी बसनं गेलो. चौकात शिरायची वेळ तिकिटावरच छापलेली असते; ती चुकली की संपलं. थोडा वेळ हाताशी होता म्हणून आधी राजवाड्याच्या बागेत गेलो आणि तिथंच घात झाला. मी संडासाच्या रांगेत अडकले. परत येऊन बघते तर बाई गायब! शोधून शोधून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा पार त्या टोकाला सापडली. गुलाबांवरची सुकलेली फुलं चिमटीनं खुडत होती. कोटाचे दोन्ही खिसे फुगलेले, आणि समोर पहारेकरी.

"आजी, झाडांना हात लावायचा नाही."

"अरे बाळा, मेलेलं फूल ठेवलं की झाड उगाच दमतं."

तिचा दंड धरून मी तिला ओढत नेलं. पण आम्ही दोघी म्हाताऱ्या पळून पळून किती पळणार! वेळ टळली होती. दारावरची मुलगी गोड बोलली, पण आत काही सोडलं नाही.

फुएनसांता तिथंच कठड्यावर बसली. "उरलेसुरले डोळे कचऱ्यावर घालवले गं मी, रेमे," म्हणाली आणि ढसाढसा रडली. तिला चांगली झापणार होते मी. पण रुमाल काढून तिच्या हातात दिला. मग तशीच परतीची बस धरली.

मे उजाडला. तिच्या अंगणात एक तरुण प्रवासी येऊन बसला आणि लागला की सिंहांचं कौतुक सांगायला! ग्रानादाहून कालच आला होता. मी खोकले, डोळे वटारले, पण त्या शहाण्याला काही कळेल तर शपथ. फुएनसांता भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. जरा वेळानं तिनं विचारलं, "आणि बागेत? सुकलेली फुलं होती का रे गुलाबांवर?"

त्यानं जरा आठवून पाहिलं. "नाही आजी. एकही दिसलं नाही."

तिनं मला कोपरानं ढोसलं. "ऐकलंस?"

फुलं रोज सुकतात, रोज कुणी माळी ती खुडतो, हे का तिला माहीत नाही? जन्म गेला तिचा त्यात.

"ऐकलं गं बाई, ऐकलं," म्हटलं आणि काठीला बांधलेला पाण्याचा डबा उचलून वरच्या कुंड्यांना पाणी घालायला लागले.