एक नट ढिला राहिला

तिला सगळे धाकटी म्हणत. माहेरी शेंडेफळ म्हणून धाकटी, आणि सासरी दोन जावांच्या मागून आली म्हणून पुन्हा धाकटीच. चाळिशी दाराशी आली तरी नाव काही थोरलं झालं नाही.

सायकलच्या कारखान्यात ती चाकं सरळ करायची. चाक फिरवायचं, कुठे डुगडुगतं ते बघायचं आणि तारा आवळून, सैल करून त्याची आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायची. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा बाकीच्या बायका दुसऱ्या कारखान्यांची दारं झिजवायला लागल्या. धाकटीने मात्र धाकट्या दिराची जुनी स्कूटर मागून घेतली आणि घरपोच सामान देणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅपवर नाव घातलं. हवं तेव्हा चालू करा, हवं तेव्हा बंद करा, असं त्या कंपनीची जाहिरात सांगत होती. तिला तेच आवडलं, आणि थोड्याच दिवसांत तिच्या डोक्यात दुसरंच काहीतरी शिजू लागलं.

ते शिजायला लागलं एका बाईंच्या घरी. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, पाय निकामी झालेल्या. धाकटी औषधं द्यायला गेली तर बाईंच्या व्हीलचेअरचं चाक रडत होतं. "बाई, जरा पलंगावर सरकता का?" म्हणत तिने स्कूटरच्या डिकीतला पाना आणला आणि तिथेच चाक सरळ केलं. बाईंनी खुर्चीत बसून खोलीभर एक फेरी मारली. म्हणाल्या, "अगं, ही तर लोण्यासारखी चालते! इतके दिवस मला वाटायचं माझेच हात थकलेत."

बाईंनी दहा जणांना सांगितलं. आपल्या गावात माणसाची खुर्ची मोडली तर नवी घ्या म्हणणारे पुष्कळ, दुरुस्त करून देणारा कुणी नाही, हे धाकटीला तेव्हा कळलं. घराच्या मागच्या अंगणात पत्रा टाकून तिने जागा केली. खुर्च्या येऊ लागल्या. दुरुस्तीवर घर चालेल इतकं अजून सुटत नव्हतं, म्हणून अ‍ॅप. आणि इथेच घोडं पेंड खात होतं. अ‍ॅप बंद ठेवलं की ते रुसायचं, दोन ऑर्डरी नाकारल्या की तिसरी द्यायचंच नाही. मालक नाही म्हणायचं, पण मानेवरचं जू तसंच.

नवरा एका इमारतीत रात्रपाळीचा रखवालदार. तो म्हणायचा, "दोन दगडांवर पाय ठेवलेस. एक दिवस मधल्या पाण्यात पडशील."

"मग तू खाली उभा राहा, झेलायला," असं धाकटी म्हणायची, आणि सासूबाई पदराआड हसायच्या.

तो दिवस उजाडला तो साधाच. दुपारी धाकटी एका इमारतीचे जिने चढत होती, हातात औषधांची पिशवी. लिफ्ट बंद. तेवढ्यात फोन वाजला. बाईंचा मुलगा होता. बाईंच्या खुर्चीला धाकटीने नवे ब्रेक बसवले होते आणि तोच ती काल घेऊन गेला होता.

"ब्रेक सुटला तुमचा," तो ओरडला. "आई उतारावरून थेट खाली गेली. रस्त्यावर! ऐकताय ना?"

"कशा आहेत बाई?"

फोन बंद झाला होता.

धाकटीने कठडा धरला. खाली धावावं असं वाटलं, पण पिशवी हातात होती आणि पिशवीवर कुणाचं तरी नाव होतं. औषध काही वाटेत टाकून जायची गोष्ट नव्हे. ती वर चढली. दार उघडणारे आजोबा चष्मा शोधायला आत गेले, चष्मा घेऊन आले, एकेक पाकीट उलटंसुलटं करून वाचायला लागले.

"आजोबा, जरा लवकर..."

"घाई कसली, पोरी? चुकीची गोळी पोटात गेली तर निस्तरणार कोण?"

आजोबांचं खरंच होतं. ते शेवटचं पाकीट वाचत असताना तिच्या डोळ्यांसमोर कालची सकाळ आली. ती बाईंच्या खुर्चीपाशी बसलेली. एका बाजूचा ब्रेक पक्का झालेला. दुसऱ्या बाजूचा नट नुसता बोटांनी फिरवून ठेवलेला, पाना हातात घेतलेला. आणि फोनने टुणटुण केलं. ऑर्डर जवळची होती, काही क्षणांत हो म्हणायला हवं होतं. तिने पाना खाली ठेवला. परत आली तेव्हा बाईंचा मुलगा दारात उभा होता. खुर्ची तयार दिसत होती. तिने दिली.

शेवटचं पाकीट वाचून आजोबांनी मान डोलावली, तशी ती जिन्याकडे धावली.

जिने उतरताना फोन पुन्हा टुणटुणला. पुढची ऑर्डर तिच्या नावावर लागली होती. आधीच ताकीद आली होती, ही सोडली तर आयडी बंद. धाकटीने अ‍ॅप बंद केलं आणि स्कूटरला किक मारली.

बाई पलंगावर होत्या. मनगटाला पट्टा, कपाळ खरचटलेलं. डॉक्टर नुकतेच गेले होते. हाड मोडलं नव्हतं, पण मनगट चांगलंच मुरगळलं होतं. उताराच्या टोकाला एक उभी गाडी होती, तिच्यावर खुर्ची अडली म्हणून बाई वाचल्या. गाडी नसती तर पुढे वाहता चौक.

मुलाने खुर्ची तिच्यासमोर ढकलली. "बघा. बघा तुमची कारागिरी."

धाकटी गुडघ्यांवर बसली. ब्रेकचा दांडा लोंबत होता. नट नव्हताच. कुठे तरी घरंगळून गेला असणार. त्या क्षणी तिच्या जिभेवर बरंच काही आलं. उतारच फार आहे. ब्रेकचा माल हलका आला. कुणी दांडा उलटा ओढला असेल. यातलं काहीही खपलं असतं, तिथे कुणाला काय कळत होतं?

"नट मी आवळलाच नव्हता," ती म्हणाली. "मध्येच ऑर्डर आली, उठून गेले, आणि आल्यावर विसरले. चूक माझी आहे."

मुलाने भांडणाची तयारी केली होती, आणि समोरून भांडणच आलं नाही. मग तो आणखीच चिडला. "विसरलात? माझी आई म्हणजे काय पार्सल आहे? फोटो टाकलाय मी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. सगळ्यांना कळू दे तुम्ही काय करता ते."

"टाका," धाकटी म्हणाली. तिने डोळे पुसले. "टाकायलाच हवा."

बाईंनी मान वळवली. आवाज बारीक होता, पण वर्गातला.

"रडायचं नंतर बघ. आधी हे सांग, असे ब्रेक आणखी कुणाकुणाला बसवलेस?"

तोवर धाकटीने एकाच खुर्चीचा विचार केला होता. ती तशीच उठली.

दारातूनच तिने नवऱ्याला फोन लावला. तो रात्रपाळी करून झोपला होता. तिने काय झालं ते सांगितलं. आता "मी म्हटलं नव्हतं?" ऐकावं लागणार म्हणून तिने मन घट्ट केलं. पण तो एवढंच म्हणाला, "कुठे कुठे जायचं ते सांग. आणि बघायचं काय?"

"ब्रेक लाव आणि मागून जोरात ढकल. दांड्याच्या आतल्या अंगाला नट आहे, तो बोटाने फिरला तर कुणाला बसू देऊ नकोस. पाना अंगणात आहे."

नवरा शेजाऱ्याची सायकल घेऊन नदीपलीकडच्या घरांकडे गेला. धाकटी अलीकडची घरं करू लागली. जाता जाता फोनवर तेच: "मी येईपर्यंत खुर्चीत बसू नका. हो, माझ्याच चुकीमुळे." एका घरी सुनेने तोंडावर दार लावलं. फोटो तिच्यापर्यंत पोहोचला होता. धाकटी दारातूनच विनवत राहिली, "काम देऊ नका मला, पण तेवढा ब्रेक बघू द्या." अखेर दार उघडलं. नट पक्का होता. पुढच्या घरीही. त्याच्या पुढेही. तरी तिला थांबता येईना, कारण घड्याळकाका फोन उचलत नव्हते.

घड्याळकाका म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे म्हातारे गृहस्थ, टेकाडावरच्या गल्लीत एकटे राहणारे. धाकटी पोहोचली तर दाराला कुलूप. शेजारीण कपडे वाळत घालत होती.

"ते? आत्ताच गेले की खाली, बाजारात. म्हणाले नवे ब्रेक आहेत, आता कुणाची सोबत नको."

ती गल्ली घसरगुंडीसारखी होती. मध्ये माणसांची आणि हातगाड्यांची गर्दी, त्यामुळे स्कूटर नेता येत नव्हती. धाकटी पळत सुटली. चपलेचा अंगठा तुटला, ती तिने तिथेच सोडली. वळणावरून तिला काका दिसले. उताराच्या ऐन मध्यावर खुर्ची आडवी न लावता सरळ उभी, तोंड खाली बाजाराकडे, आणि काका दोन्ही हात सोडून भाजीवाल्याशी भाव करत होते. खुर्ची नुसत्या ब्रेकवर उभी होती.

ओरडावं तर काका दचकून हलतील. ती न ओरडता धावली आणि मागून मुठी धरून सगळा भार मागे टाकला.

"अरे, कोण आहे?" काका म्हणाले. "चोर की काय?"

"मी... काका... हलू नका."

भाजीवाल्याने पुढून खुर्ची धरली. धाकटी वाकली आणि नटाला बोट लावलं. मग दुसऱ्याला. दोन्ही घट्ट. पान्याशिवाय हलणार नाहीत असे. ती तिथेच रस्त्यावर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. काकांना काही उलगडेना. ते भाजीवाल्याला म्हणाले, "पाणी दे तिला. आणि माझा भाव लक्षात ठेव, विसरलो म्हणशील."

संध्याकाळी नवरा परतला. त्याच्याकडचे सगळे ब्रेक ठीक होते. ढिला राहिला तो एकच. "एकच," असं तो दोनदा म्हणाला. धाकटी म्हणाली, "पडणारं माणूसही एकच असतं ना." त्याने तिच्या पायाला काच लागली होती, ती जखम धुऊन दिली.

पुढचे दिवस वाईट गेले. अ‍ॅपने आयडी बंद केला. फोटोमुळे निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं तुटली. दारात एकही खुर्ची येईना. हातचंही गेलं आणि पळतंही गेलं, असं ती स्वतःच म्हणायची. एका कपडे धुण्याच्या दुकानात ठरावीक वेळेची नोकरी होती. ती विचारूनही आली. पण हो म्हणायच्या आदल्या दिवशी बाईंचा मुलगा दारात आला. सोबत ती खुर्ची, तशीच, दांडा लोंबणारी.

"मी दुसरीकडे नेणार होतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आई ऐकत नाही. म्हणते, जिने चूक कबूल केली तीच आता दोनदा तपासेल. मला पटलेलं नाही, हे सांगून ठेवतो."

"बसा," धाकटी म्हणाली. "तुमच्यासमोरच करते. आणि झाल्यावर तुम्ही स्वतः पाना लावून बघा."

त्याने बघितलं. आणि ग्रुपवर त्याने पुन्हा लिहिलं. स्तुती केली नाही. एवढंच लिहिलं की दुरुस्तीवाल्या बाईने स्वतः घरोघरी जाऊन सगळे ब्रेक तपासले होते आणि खुर्ची आता ठीक आहे.

धाकटीने नोकरी घेतली नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या अ‍ॅपवर नाव घातलं, पण नियम बदलला. हातात पाना असेल तेव्हा फोन सासूबाईंच्या ओटीत. फोन टुणटुणला की आतून आवाज यायचा, "वाजू दे मेल्याला! तू तुझं कर!" सकाळी पार्सलं, जेवणानंतर खुर्च्या, आणि दोन्हीची भेळ करायची नाही. तयार झालेली खुर्ची नवरा ढकलून बघायचा, तो हो म्हणाल्याशिवाय दाराबाहेर जायची नाही.

गिऱ्हाइकं परत आली ती हळूहळू. काही आलीच नाहीत. तोंडावर दार लावणारी सून मात्र आली, सासऱ्यांची खुर्ची घेऊन, आणि आधी दारात उभी राहून म्हणाली, "ताई, तेव्हा माझं जरा चुकलंच." पुढे वृद्धाश्रमाने सगळ्या खुर्च्यांची निगा तिच्याकडे दिली, तेव्हा तिने सकाळची पार्सलंही कमी केली. पूर्ण सोडली नाहीत. काम ओसरलं की ती अजूनही हेल्मेट घालून निघते. कुणी विचारलं तर म्हणते, "लाज कसली? त्या कामानेच तर तगवलं. फक्त त्याला माझ्या हातातला पाना काढून घेऊ देत नाही."