एकाच नोंदीतले दोन ब्रेक

नाजियाला पसारा बघवत नाही. बीडमध्ये माझ्या टायरच्या दुकानाशेजारी भगवानरावांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथं कॉम्प्युटरवर मालाची माहिती लावणं हे तिचं काम. नटापासून गिअरपर्यंत प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद, त्यात फोटो, माप, कंपनीचा नंबर. एकच वस्तू दोनदा चढलेली दिसली, की दोन्ही नोंदी एक करून मगच बाई चहा घेणार. भगवानराव तिचं कौतुक गिऱ्हाइकांसमोर करत, तिच्यासमोर कधीच नाही.

त्याच दुकानात वाहेदचाचा ग्राइंडरवर बसतात. काही जुन्या ट्रॅक्टरांना कंपनीचं ब्रेक लायनर जाड पडतं, म्हणून ते घासून पातळ करून देतात. ही आमच्याकडची रीत कंपनीला कुठून ठाऊक असणार? घासलेल्या मालाची नोंद वेगळी होती, पण नाव तेच, नंबरही तोच. नाजियाने दोन्ही नोंदी एक केल्या आणि मग गोदामात दोन्ही खोकी एकत्र ओतली गेली.

गेल्या महिन्यात एका सकाळी चाचा विचारत आले, "बेटी, माझा घासलेला माल दिसंना?"

नाजियाने लगेच कालची बिलं काढली. पातळ लायनर नव्या ट्रॅक्टरला बसतं, पण उतारावर धरत नाही. आदल्या दिवशी त्यातली एकच जोडी गेली होती, नांदूरघाटच्या तानाजीच्या नव्या ट्रॅक्टरला.

तिने फोन उचलला तसे भगवानराव ओरडले, "ठेव तो! दुकानाचं नाव जाईल. आला परत तर बदलून देऊ."

दुकानाच्या दारातून हे ऐकताना माझ्या तोंडावर शिवी आली होती. तिने मात्र त्यांच्याकडं पाठ करून नंबर लावला.

"कपिलधारच्या यात्रेला निघालोय," तानाजी म्हणाला. "ट्रॉलीत लई बायका हायत. उतार लागलाच आता."

"भाऊ, तिथंच थांबा! बायकांना खाली उतरवा. तुमचा ब्रेक धरणार न्हाई. मी दुकानातून नाजिया बोलतेय, चूक माझी हाय."

बायका उतार पायी उतरल्या. तानाजीने संध्याकाळी येऊन लायनर काउंटरवर आपटलं आणि भगवानरावांना नको नको ते बोलला.

दुसऱ्या दिवशी नाजियाचा पासवर्ड चालेना. भगवानरावांनी तो बदलला होता. ती डबा उचलून घरी गेली. मला अजून संताप येतो. ती नोंद तशीच एक आहे; सुटी कशी करायची ते दुकानात दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि लायनर रोज विकलं जातंय.