धोंडीचा बेडूक
कडुनिंबाचा पाला चुरगळल्याचा वास आला की भीमाकाठच्या आमच्या गावातली ती पाऊस मागायची धोंडी आठवते. पाऊस लांबला होता, म्हणून अंगाला कडुनिंब गुंडाळलेले गावकरी मुसळाला बेडूक उलटा बांधून दारोदार त्याच्यावर पाणी ओतत होते. मी पुण्याच्या प्रयोगशाळेतून सुट्टीला आले होते. "आबा, सोडा त्याला, दुखतंय," मी म्हणाले. "बेडकाला कुठं दुखतंय गं?" मुसळ धरलेले शेजारचे आबा हसले. "दुखतंय. अफू माणसाच्या मेंदूत जिथं चिकटून दुखणं मारते, तसल्याच जागा बेडकाच्या मेंदूतबी हायेत. मी त्याच शोधते." "म्हंजी तू त्यांची डोकी चिरती, आन् आम्हाला शिकवती व्हय?" "चिरते. पण आधी भूल देते," म्हणत मी सगळ्यांदेखत सुतळी सोडली आणि बेडूक गुरांच्या हौदात टाकला. त्या साली पाऊस आलाच नाही, आणि त्याचं खापर गाव अजून माझ्यावर फोडतं. फोडू दे. पुन्हा बांधलेला दिसला, तर पुन्हा सोडीन.