पुढे असून थांबलेला

धाकट्याने सायकलच्या शर्यती सोडायचं काढलं तेव्हा आधी मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? सख्खा भाऊ असला म्हणून काय झालं, आठ वर्षं जळलो होतो मी त्याच्यावर.

आमची दोघांची निवड चाचणी एकाच सकाळी झाली. चढावर मी त्याच्या तीन सेकंद पुढे होतो. कोच म्हणाले, "तू एकोणीसचा, हा पंधराचा. याला घडवता येईल." झालं! तो पोचला मोठ्या व्यावसायिक संघात आणि मी वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात वाकड्या चाकांचे आउट काढत बसलो. गिऱ्हाइकं विचारायची, "टीव्हीवर दिसतो तो तुमचाच भाऊ ना?" मी हसून हो म्हणायचो.

आणि हा पठ्ठ्या तेविसाव्या वर्षी बॅग घेऊन दारात! संघाने आणखी दोन वर्षांचा करार दिला होता, रविवारपर्यंत सही करायची होती. आई कौतुकाने वाढायला लागली, तर याने बॅगेतून छोटा वजनकाटा काढून भात तोलला आणि चमचाभर परत पातेल्यात टाकला. आईचा चेहरा एवढासा झाला.

"रोज सकाळी मलाही असंच तोलतात गं," तो म्हणाला.

नखरे नुसते! चणे मिळाले त्यालाच नेमके दात नाहीत, असं वाटलं मला.

शनिवारी तो दुकानात आला. करारावर सहीची जागा कोरीच होती. माझा ताबा सुटला. "लाज वाटते का? तुझ्या जागी मी असतो तर..."

"तर तू जिंकला असतास, दादा. म्हणून तुलाच सांगतो."

संघात त्याचं काम एकच, मुख्य खेळाडूला पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या आणि त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा. गेल्या महिन्यात शेवटच्या टप्प्यात नेमका हाच एकटा पुढे निघाला. कानातल्या यंत्रातून हुकूम आला, थांब, मुख्य खेळाडूला पुढे येऊ दे. हा थांबला. तो मागून आला, याच्या आडोशाने गेला आणि जिंकला.

"आणि तू गप्प बसलास?" मी हातातला पाना आपटला. "मी कानातलं उपटून फेकलं असतं!"

"तेच तर. मी वाट बघत होतो, आता राग येईल, त्याचा हेवा वाटेल. काहीच नाही रे. तो विजेत्याच्या चौथऱ्यावर उभा राहून हात हलवत होता आणि मी बूट काढत होतो. हेवासुद्धा वाटत नाही, त्याने शर्यतीत करायचं काय?"

मी चाक फिरवत राहिलो.

रविवारी संघाचा फोन आला. त्याने दोन वाक्यांत नाही म्हणून सांगितलं आणि तिथेच खुर्चीत घोरायला लागला. मी समोर बसून बघत होतो. आठ वर्षं मी याच्या नावाने बोटं मोडली, आणि याच्याकडे कुणाचा साधा हेवाही उरला नव्हता. मला त्याचाही हेवा वाटला.