दत्तोबाचा पंचनामा

दत्तोबा पोकळे धायरीचा. वय एकसष्ट, नळदुरुस्तीच्या धंद्यात छत्तीस वर्षं, आणि तोंड असं फाटकं की लोक वचकून असायचे. दुसऱ्यानं केलेलं काम दिसलं की आधी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार, मग पान्याला हात. तरी त्यालाच बोलवायचे, कारण त्याची एक रीत होती. काढलेला जुना भाग तो कधी फेकायचा नाही. पुसून घरमालकाच्या हातात द्यायचा आणि चारचौघांसमोर दाखवायचा, हे बघा, इथं गेलंय आणि ह्यानं गेलंय. बिबवेवाडीत ह्याला दत्तोबाचा पंचनामा म्हणत. पंचनामा झाला की कुणाला शंका राहायची नाही.

त्याच बिबवेवाडीतल्या बारा बिऱ्हाडांच्या एका सोसायटीनं ह्या डिसेंबरात त्याची अब्रू वेशीवर टांगली. अंगणातल्या नळाचं पाणी बंद करायचा कॉक त्यानं वर्षापूर्वी नवा बसवला होता. महिनाभर तो गळत होता. त्या कोपऱ्यात थंडीत ऊन पोचत नाही. फरशीला शेवाळ धरलं आणि तळमजल्यावरच्या मथुराबाई घसरून मनगट मोडून बसल्या. सेक्रेटरी श्यामसुंदरराव, बँकेतून निवृत्त, त्यांनी ग्रुपवर लिहिलं, ‘दत्तोबाने नकली माल बसवला. मथुराबाईंच्या हाताला तोच जबाबदार. सर्वांनी सावध राहावे.’ मेसेज आसपासच्या सोसायट्यांतून फिरला. आठ दिवसांत दत्तोबाचा फोन वाजायचा थांबला.

रविवारी सकाळी तो आला तो भांडायच्या तयारीनंच.

“या,” श्यामसुंदरराव कानटोपी सारखी करत म्हणाले. “मथुराबाईंचं एकच मनगट मोडलंय. दुसऱ्याची व्यवस्था करायला आलात का?”

“समद्यांना खाली बोलवा साहेब. माल नकली निघाला तर माझा पाना हितंच ठिवून जातो, पुन्यात परत काम करायचा न्हाई. आन न्हाई निघाला, तर जिथं लिवलं तिथंच माफी लिवायची.”

“लिहीन की. शुद्धलेखनासकट लिहीन.”

शाली-स्वेटर गुंडाळून मंडळी खाली जमली. मथुराबाईंना खुर्ची दिली. दत्तोबानं टाकीकडचं पाणी तोडलं, कॉकला पाना लावला आणि थंडीनं बधिर झालेल्या हातांनी जोर लावत तो एकदाचा सोडवला. वरच्या दांड्यावर पकडीचे दात ताजे उमटले होते. ते बघून त्याचा चेहरा उजळला.

“हितं पकड कुनी लावली?”

श्यामसुंदररावांची सून नीरजा म्हणाली, “बाबा, तुम्हीच रोज पकड घेऊन आवळून येता ना? किती वेळा सांगितलं, ते हातानं बंद करायचं असतं.”

“गळत होतं म्हणून आवळत होतो!”

“गळत हुतं म्हून आवळलं, का आवळलं म्हून गळाया लागलं?” दत्तोबानं आवाज चढवला. “माल चोख हाय. वाट लावली तुमच्या पकडीनं.”

“म्हणजे माझा हात तुम्ही मोडलात,” मथुराबाई श्यामसुंदररावांना म्हणाल्या. “आणि नाव ह्याचं घेत होतात. चोराच्या उलट्या बोंबा!”

श्यामसुंदररावांचं तोंड एवढंसं झालं. दत्तोबाला मनापासून आनंद झाला. आठ दिवसांचा डूख होता, तो पुरेपूर निघाला.

मग रीतीप्रमाणे द्यायला म्हणून तो कॉक फडक्यानं पुसू लागला. क्षारांच्या थराखाली अंगठ्याला काहीतरी उंचवटा लागला. त्यानं कोपऱ्यातून बाहेर येऊन कॉक डोळ्यांपासून लांब धरला, उन्हात तिरका केला. बाण होता. पाणी कुठून कुठं जायचं ते दाखवणारा. आत्ता सोडवताना हा बाण टाकीच्या दिशेनं होता.

म्हणजे कॉक उलटा बसला होता. उलटा बसला की बंद केला तरी पाण्याचा दाब दांड्याच्या मानेवरच राहतो. मानेतलं पाणी अडवणारं पॅकिंग काही महिने तगतं, मग तिथून गळायला लागतं. वरून कितीही आवळा, थांबत नाही. पकड नंतर लागली होती. वर्षापूर्वी त्या अंधाऱ्या कोपऱ्यात त्याला बाण दिसला नव्हता, आणि चष्मा करायचा नाही, कुणाला विचारायचंही नाही, ह्या मस्तीत त्यानं तो तसाच बसवून टाकला होता. मथुराबाईंचा हात त्यानंच मोडला होता.

“द्या इकडे,” श्यामसुंदरराव हात पुढे करून म्हणाले.

“आता काय बघायचं ऱ्हायलंय साहेब?” म्हणत दत्तोबानं कॉक स्वतःच्या पिशवीत टाकला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. जिंकलेल्या माणसाला कोण अडवतो?

नवा कॉक बसवताना त्यानं बाण तीन-तीनदा नखानं चाचपला. पाणी सोडलं. मान कोरडी राहिली.

श्यामसुंदरराव तोवर उभ्याउभ्याच फोनवर लिहीत होते. लिहून झाल्यावर ते जवळ आले. आवाजात नेहमीची धार नव्हती. “तुमची माफी मागितली आहे. मथुराबाईंचीही. सेक्रेटरीपद सोडतोय. वाचून बघा, तुम्हाला पटलं तर ग्रुपवर टाकतो.”

दत्तोबानं फोन हातात घेतला. पांढऱ्यावर मुंग्यांच्या रांगांसारख्या ओळी दिसल्या. अक्षर एकही लागेना. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन मथुराबाई त्याच्याकडेच बघत होत्या.

“बराबर हाय,” तो म्हणाला. “टाका.”