याडीचा रुमाल

"बाई, आजचा शब्द द्या."

सकाळी पाण्याचा हंडा उतरवला, की ती ओला उजवा तळवा माझ्यापुढे धरायची. शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागावं तसा. तिच्या काचळीवर, म्हणजे चोळीवर, टाचलेल्या आरशांचे कवडसे तिच्याआधी वर्गात शिरत, फळ्यावरून चालत जात आणि ती थांबली की थांबत. मी फळ्याच्या कोपऱ्यात एक इंग्रजी शब्द लिहीत असे. ती तो तीनदा म्हणे, मूठ मिटे आणि घंटा द्यायला जाई.

केळापूरच्या बाजूला मुलींची एक लहानशी शाळा होती. आमचा मुलूख नुकताच मुंबई राज्यात गेला होता, ते दिवस. ती तिथे शिपाईण, मी इंग्रजीची शिक्षिका. तिच्या बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात. मुलींनी तीच हाक उचलली आणि तिचं कागदावरचं नाव कागदावरच राहिलं.

आरंभी मी सोपे म्हणून आंबा, गाय, चंद्र असे शब्द दिले. तिने मूठ मिटलीच नाही.

"आंबा मले ठाऊक हाय, बाई. मानसाचे द्या. कामाचे, सवयीचे."

मग मी तसे देऊ लागले. पंक्च्युअल म्हणजे वेळ पाळणारा, डिलिजंट म्हणजे मन लावून राबणारा. एफर्ट, रिझॉल्व्ह, डिसिप्लिन. दुपारच्या सुट्टीत ती फळ्यावरचं अक्षर जसंच्या तसं एका चिंधीवर सुईने उतरवून घेई. लेखणी तिच्या बोटांत अवघडायची. सुई कधीच नाही. 'पंक्च्युअल' टाचताना म्हणाली, "हा तं मीच हावो. चार मैल चालून घंटा मीच देतो नं."

माझा समज झाला, की तिला स्वतःला घडवायचं आहे. आपल्या शिकवण्याने एक आयुष्य उजळतं आहे, या कल्पनेचा गोडवा मी कित्येक महिने चाखला. तुम्हीही अशा गोडव्याला कधी भुलला असाल.

खरं कारण आदल्या हिवाळ्यातलं होतं. शाळेची तपासणी होती. याडीने पहाटे येऊन अंगण सारवलं, माठ भरले, गावातून डोक्यावर खुर्च्या वाहून आणल्या. दुपारी माठांच्या गारव्याशी ती जराशी टेकली आणि तिचा डोळा लागला. नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब तिच्यासमोर येऊन थांबले.

"लेझी बाय हॅबिट. नो ॲम्बिशन," नाकातून हसत ते म्हणाले. तेच त्यांनी शेरेबुकात लिहिलं आणि खाली लफ्फेदार सही केली.

ती दचकून उठली. "काय म्हनले साहेब, बाई?"

सवयीचीच आळशी, पुढे जायची इच्छा नाही, हे मला सांगवलं नाही. "तू दमलेली दिसतेस, म्हणाले."

तिचा चेहरा उजळला. तिने साहेबांना दोन्ही हात जोडले आणि माठ वाकवून त्यांना पुन्हा थंड पाणी दिलं. मी माझ्या खोटेपणाला दया समजत होते.

नोकरीत कायम झाल्याचा तिचा हुकूम त्या वर्षी आला नाही. "शेरा वाईट आहे," एवढंच मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या. याडीने वाद घातला नाही. पण तिच्या लोकांत गाणी कागदावर नसतात, कानात असतात. साहेबांचं वाक्य तिने अर्थावाचून, हसण्यासकट, कानात जपून ठेवलं होतं. आणि माझ्याकडून रोज एक शब्द नेऊन ती त्या वाक्यातला चोर शोधत होती.

एके दिवशी डिलिजंटच्या उलट काय, हे सांगताना मीच फळ्यावर 'लेझी' लिहिलं. 'हॅबिट' आणि 'ॲम्बिशन' तिच्याकडे आधीच पोचले होते. तिचा तळवा उघडाच राहिला. भिंतीवरचे कवडसे हलेनात. मग साहेबांच्या आवाजात, नाकातल्या हसण्यासह, तिने ते वाक्य म्हणून दाखवलं.

"असं म्हनले होते नं? आन् तुमी म्हनलं, दमली."

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"मी त्याले हात जोडले, बाई."

मला वाटलं, ती रडेल. तिने ओढणी सारखी केली.

"बदल्याले काय म्हन्तेत?"

"रिव्हेंज."

"हा सवयीच्या शब्दात येते का?"

"नाही."

"येते. रोज थोडा थोडा केला का येते."

पुढची तपासणी जवळ आली, तेव्हा मोठ्या बाईंना सुचलं, की साहेबांना दप्तर बांधायला बंजारा भरतकामाचा रुमाल भेट द्यावा. "मन लावून कर, याडी. खूश झाले तर शेरा बदलतील, कायम होशील."

"मन लावूनच करतो," याडी म्हणाली.

त्या दिवसांत शेरेबुकावरची धूळ ती फार निगुतीने पुसू लागली. एका पानावरच्या सहीवरून तिचं बोट पुन्हा पुन्हा फिरताना मी पाहिलं आणि गप्प राहिले. या खेपेस माझं गप्प राहणं तिच्या बाजूचं होतं.

रुमाल तिने ऐन वेळी, घडी घालूनच आणला. साहेबांनी तो सगळ्या शाळेसमोर टेबलावर उलगडला. लाल कापड, पांढऱ्या कवड्या, हळदी पिवळा दोरा; आरशांतून प्रकाश खोलीभर उडाला. कडेने शब्द होते. साहेब ते कौतुकाने, मोठ्याने वाचू लागले. "पंक्च्युअल. डिलिजंट. एफर्ट. वा." नजर मध्यावर आली आणि ओठ त्याच ओघात पुढे गेले, "लेझी बाय..."

आवाज तिथेच थांबला. वाक्याखाली त्यांची सही होती, लफ्फ्यासकट.

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने उरलेलं वाक्य वाचून पूर्ण केलं. उच्चार स्वच्छ होते; माझ्याच वर्गातली होती.

साहेब घाईघाईने घडी घालू लागले.

"सावकाश, साहेब. आरसे फुटतीन. आन् सही पाहून घ्या, टाका चुकला का."

त्यांचे कान तांबडे झाले होते. मोठ्या बाई जमिनीकडे पाहत होत्या. "पाणी," साहेब कसेबसे म्हणाले.

याडी माठाशेजारीच उभी होती. तिने पितळी पेला उचलला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"बाई देतीन. मी दमली."

मी वाकले. माठ कलता करून पेला भरला आणि मुलींच्या डोळ्यांदेखत साहेबांच्या पुढे धरला. तिने हात जोडले होते तेवढाच वेळ मला तो धरून उभं राहावं लागलं, असं आजही वाटतं. मान वर केली तेव्हा भिंतीवर एकही कवडसा नव्हता. त्या संध्याकाळी शाळा सुटल्याची घंटा झाली नाही. मुली पाटी-दप्तर मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिल्या.

ती पुन्हा आली नाही. कायम होण्याचा हुकूम तिने त्या रुमालापायी आणि त्या एका पेल्यापायी सोडला होता, आणि पूर्ण समजून सोडला होता. मी तांड्यावर गेले, तर ती वणीकडे कामाला गेल्याचं कळलं. माझ्यासाठी निरोप नव्हता.

साहेब रुमाल टेबलावरच टाकून गेले होते. मोठ्या बाई तो चुलीत घालणार होत्या. मी मागून घेतला. पुढे काही वर्षांनी धुवायला काढला, तर अस्तराचा टाका सुटला. आत, जिथे दोऱ्यांच्या गाठी लपवतात तिथे, बारीक अक्षरांत आणखी एक शब्द होता: टायर्ड. दमलेली.

हा शब्द मी तिला कधी दिला नव्हता. तो तिने दुसऱ्याच कुणापुढे तळवा पसरून नेला असणार. त्याच्या शेजारी एकच आरसा टाचलेला आहे. शब्द वाचायला वाकलं, की त्यात माझा चेहरा येतो.