हेडमास्तराच्या कपाटातला कागद

"ज्यांच्या घरी तीनपेक्षा जास्त मुलं आहेत, त्यांनी उभं राहा."

हेडमास्तरानं छडी टेबलावर आपटली. आमचा सातवीचा वर्ग, आणीबाणीचं साल. आमी सहा भावंडं. मी उभी राह्यली. आमच्या बौद्धवाड्यातले सारेच उभे झाले. पाटलाचा पोरगा मातर बसूनच होता. त्याले सात बहीनभाऊ.

"हे बघा देशावरचं ओझं!" छडी माह्याकडं झाली. "कुत्र्यासारखी जन्माला घालायची अन् शाळेत पाठवायची. सरकारनं शिकवायचं तरी किती जणांना?"

पोरं फिदीफिदी हसले. माहे कान तापले. संताप आला, अन् लाजबी वाटली. कारन तवा मले वाटे, मास्तर म्हनते ते खरंच असन.

मंग त्यायनं फर्मान सोडलं. बापाच्या नसबंदीचा कागद आनल्याबिगर शाळा सोडल्याचा दाखला भेटनार नाही. मले आठवीले कारंज्याले जायचं होतं. दाखला नाही तं शाळा नाही. मंग हाय वावरातलं निंदन, मायच्या मांगं मांगं.

घरी येऊन बाबाले सांगतलं. बाबा पाटलाकडं वर्सभराच्या बोलीवर सालदार होते. ते दोर वळत बसले.

"बोला ना, बाबा!"

"माह्यं तं होऊन गेलं, बाई. पाटलानंच बैलबंडीत बसवून नेलं होतं."

"मंग कागद कुठी हाय?"

"पाटलानं ठेवला. फर्मान त्याले आधीच मालूम होतं, पोराच्या दाखल्यासाठी शाळेत देल्ला."

सोताचं करायचं नसन तं दुसऱ्याचा कागद आनून द्या, अशी मोठ्यायची सोय होती. नस कापली माह्या बापाची. दाखला पाटलाच्या पोराले. अन् ओझं कोन? तं मी!

"तुमी देल्लाच काहून?"

"मालकानं मांगतला. नाही कसं म्हनाव?"

मले बाबाचा लय राग आला. अजूनबी येते कधी कधी.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरानं मले परत उभं केलं.

"कागद?"

"तुमच्या कपाटात हाय, सर."

आता माह्यं तोंड थांबत नव्हतं.

"पाटलाच्या पोराच्या दाखल्याले जो लावला, तो माह्या बापाचा हाय. काढा. नाव वाचा. अंगठा पाहा."

"खाली बस!"

"नाही बसत. उभं तुमीच केलं. आता दाखला हातात आला का बसन."

छडी पडली. एका हातावर, मंग दुसऱ्यावर. वळ उठले. घंटी झाली, पोरं घरी गेले. मी तिथीच उभी. हेडमास्तर कपाटाले कुलूप लावून निघून गेले, दाखला काही देल्ला नाही.

बाबाच्या तोंडातून मालकाले 'नाही' निघालं नव्हतं. ते म्हनाचं काम माह्याकडं आलं होतं. सकाळी शाळा उघडली तवा मी वर्गात जाऊन आपल्या जागेवर उभी राह्यली. बस म्हनाले अजून कोनीच आलं नव्हतं. असतं तरी बसली नसती.